मसाई मारा, ऑगस्ट: पहाटे नेमकं किती वाजता निघायचं?

पायवाट_पुणे

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात केनियातलं मसाई मारा अभयारण्य ठरलंय. आम्ही दोघं आणि सासू-सासरे, वय ६९ आणि ७३. मुक्काम तीन रात्री, सेकेनानी गेटच्या बाहेर चारेक किलोमीटरवर. नैरोबीहून गाडीने जाणार आणि तीच गाडी तिन्ही दिवस सोबत.

एजंटच्या कार्यक्रमात रोज "७ ला नाश्ता, ७.४५ ला सफारी" असं लिहिलंय. विचारलं तर म्हणतो, माऱ्यात प्राणी दिवसभर दिसतात, ताडोब्यासारखी पहाटेची मारामार नसते. दुसरा एजंट म्हणतो ५.४५ ला गेटवर पाहिजे, नाश्ता डब्यात घ्या. सासऱ्यांना मधुमेह आणि रक्तदाब, सासूबाईंचे गुडघे दुखतात. तेव्हा उगाच त्यांची झोपमोड नको, पण इतक्या लांब जाऊन मुख्य गोष्ट हुकायलाही नको.

शिवाय: व्हॅन घ्यावी की लँड क्रूझर? क्रूझरचे बरेच जास्त पैसे सांगतोय. थंडी किती असते? कॅमेरा आहे, १००-४०० ची लेन्स आहे. ताडोबा, पेंच बऱ्याचदा झालंय, आफ्रिका पहिल्यांदाच.

रानवाटाड्या

पहिला एजंट अर्धं खरं बोलतोय. दिवसभर दिसतात ते झेब्रे, नू (वाइल्डबीस्ट), जिराफ, हत्ती आणि टोपी (हरीण, डोक्यावरची नव्हे). सिंहही दिवसभर दिसतो, पण दहानंतरचा सिंह म्हणजे झुडपाखाली पडलेली पिवळी गोणी. चोवीसातले वीसेक तास तो असाच लोळतो. चालणारा, गुरगुरणारा, रात्रीच्या शिकारीवर बसलेला, पिल्लांना अंगावर खेळवणारा सिंह पाहायचा तर उजेड फुटल्यापासून साधारण साडेआठपर्यंत. तुम्ही पैसे मोजताय ते मुख्यतः या दोन तासांचे. बाकी सगळं वेळापत्रक इथून उलटं मोजत आणायचं.

ऑगस्टचं गणित असं. गेट ६ ला उघडतं. केनियाचं घड्याळ ४५ रेखांशावर लावलेलं आहे आणि मारा आहे ३५ वर, त्यामुळे तिथे सूर्य घड्याळाच्या चाळीसेक मिनिटं मागे. ऑगस्टच्या मध्यावर सूर्योदय ६.४० च्या सुमारास, झुंजूमुंजू ६.२० ला. (हेच नोव्हेंबरच्या सुरुवातीला ६.२० ला सूर्य वर येतो, आणि फेब्रुवारीत पार ६.५० होतात.) म्हणजे ६ ला आत शिरलात तर पहिली वीस मिनिटं हेडलाइटच्या उजेडात नुसतं अंतर कापायचं. दिसायला लागेल तेव्हा तुम्ही गेटजवळच्या झुडपांतून बाहेर, मोकळ्या माळावर असाल. ७.४५ ला कँपातून निघालात तर गेटवरची नोंद धरून सव्वाआठ. तोवर दव उडालेलं, ऊन पांढरं झालेलं, मांजरं (सिंह-बिबट्या) सावलीला.

उलटं मोजून: ५.०० ला उठणं, ५.१५ ला चहा-बिस्किट (कँपला आदल्या रात्री सांगून ठेवलं की तंबूपर्यंत आणून देतात), ५.४० ला गाडीत, ५.५० ला गेटच्या रांगेत. नाश्त्याचा डबा ८.४५ च्या पुढे, मोकळ्या जागी. परत कँपवर ११ ते ११.३०. दुपारी सगळ्यांनी झोपावं, ३.३० ला पुन्हा बाहेर. आई-बाबांची झोप भरून काढायची ती दुपारी. रात्री तसंही नऊनंतर तिथे करण्यासारखं काही नसतं.

ताडोबा झालंय म्हणता, तर एक फरक आधीच डोक्यात ठेवा. ताडोब्यात कान लावायचा असतो: सांबराचा ठणका, वानराचा खॅक, चितळाचा कॉल. माऱ्यात जंगल नाही, गवत आहे, आणि बातमी नजरेने येते. टोपी वारुळावर उभा असणं रोजचंच, नर आपली हद्द राखायला तसा उभा राहतोच. पण त्याची मान ताठ आहे, कान पुढे आहेत, नाकाने फुरफुरतोय आणि तो रवंथ करत नाहीये, असं दिसलं की गाडी थांबवायला सांगा. मग त्याच्या आसपासचे दोन-तीन टोपी पाहा. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला असतील तर त्या नजरांच्या रेषा जिथे मिळतात तिथल्या गवतावर दुर्बीण लावा. सिंहीण दिसणार नाही, दिसली तर कानांची दोन काळी टोकं दिसतील. अशा वेळी हरणं पळत का नाहीत, हा प्रश्न हमखास येतो. जोवर सिंहीण दिसतेय तोवर त्यांना धोका कमी. घाबरगुंडी उडते ती ती दिसेनाशी झाल्यावर.

दुसरी खूण गिधाडं. जड पक्षी, ऊन तापून गरम हवा वर चढायला लागेपर्यंत, म्हणजे नऊ-साडेनऊपर्यंत, ती उडायचा आळस करतात. म्हणून पावणेसातला एकाच झाडावर पंधरा-वीस गिधाडं बसलेली दिसली तर ती बहुधा काल संध्याकाळपासून तिथे आहेत आणि खाली मढं आहे. त्या वेळी उडताना दिसेल तो टॉनी ईगल किंवा बॅटलर हा गरुड, हलके असल्याने त्यांना लवकर निघता येतं. तो एकाच जागी खाली उतरला तर मागे जावं. साडेनऊनंतर मात्र आकाशातून पाय खाली सोडून सरळ रेषेत उतरणारी गिधाडं हीच सगळ्यात पक्की खबर.

तरस पाहून हळहळू नका, ते उपयोगी जनावर आहे. पोट तुडुंब, तोंडाभोवती लाल, संथ चाललंय, तर ते जिकडून आलं तिकडे जा. शेपूट वर, तोंड पुढे आणि पळतंय, तर जिकडे चाललंय तिकडे.

रस्त्याकडेही बघत राहा. गवत दवाने भिजलेलं असतं तेव्हा मांजरं गाडीवाटेनेच चालतात. दवाचा ओलावा असेपर्यंत धुळीत पंजा स्वच्छ उमटतो. तुमच्या आधी गाडी गेली की तो गेला. पहिली गाडी असण्याचा हाही एक फायदा.

आणि ती मैदानातली एकटी छत्रीसारखी झाडं, ज्यांना सगळे डोळे झाकून बाभूळ म्हणतात, त्यातली बरीच बाभळी नाहीतच. ती हिंगणबेटं. आपल्याकडच्या हिंगणबेटाचे सख्खे भाऊ. जिराफ आणि हत्ती तोंड पोचेल तिथवर खातात, म्हणून खालचा काठ कात्रीने कापल्यासारखा सपाट. बिबट्या मात्र इथे शोधू नका, तो ओढ्याकाठच्या दाट झाडांत. तालेक नदी आणि तिला मिळणारे ओढे, आडव्या जाड फांद्या, आणि खाली लोंबणारी शेपटी.

निवांत_नैरोबी

वेळेबद्दल वरच्यांशी सहमत. मी गाडी आणि गेट यावर लिहितो, कारण पहाट वाया जाते ती बहुतेक तिथेच.

पहिलं, ड्रायव्हरशी वेळ ठरवताना कोणतं घड्याळ ते स्पष्ट करा. स्वाहिलीत दिवस उगवतीपासून मोजतात. सकाळचे ६ म्हणजे "सा कुमी ना म्बिली", शब्दशः बारा वाजले. पहाटेचे ५ म्हणजे अकरा. ड्रायव्हर पर्यटकांशी सहसा इंग्रजी घड्याळाने बोलतात, पण कँपच्या स्वयंपाकघराला निरोप स्वाहिलीत जातो आणि डब्याच्या वेळेत घोळ होतो. "फाइव्ह फॉर्टी, बिफोर सनराइज" असं दोघांनाही सांगा.

तिकीट: २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला दिवसाला जानेवारी ते जून १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. तुम्ही महागाच्या अर्ध्यात आहात. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ असं बारा तासांचं, म्हणजे ७.४५ ला निघणारा माणूस दोन तास फुकट घालवतो. आणि तुम्ही गेटबाहेर राहताय, तर दुपारी बाहेर येऊन त्याच तिकिटावर पुन्हा आत जाता येईल का, हे एजंटकडून लेखी घ्या. येत नसेल तर सकाळी परत येऊन दुपारी झोपण्याचा वरचा बेत फिसकटतो. मग दुपारचं जेवणही डब्यात न्यायचं आणि पूर्ण दिवस आत काढायचा. ज्येष्ठांसाठी हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, गाडीपेक्षाही. गेटच्या आत कँप मिळत असेल तर तिकडे वळा, चार पैसे जास्त गेले तरी.

तिकिटाचे पैसे आदल्या दिवशी भरून पावती हातात असू द्या. पासपोर्टच्या प्रती ड्रायव्हरकडे. आदल्या संध्याकाळीच डिझेल भरलेलं असावं, टायर पाहिलेले असावेत. ५.५० ला "जरा हवा भरतो" म्हणणाऱ्याला आदल्या दिवशीच विचारायचं असतं.

व्हॅन की क्रूझर: ऑगस्टमध्ये आणि आईंचे गुडघे लक्षात घेता क्रूझर. कारण ऐट नव्हे, कारण माती. मैदानातल्या बऱ्याच वाटा काळ्या मातीच्या आहेत, आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्यासारख्याच. ऑगस्ट तसा कोरड्यातला, पण माऱ्यात दुपारनंतर सर येते. काळी भिजली की टायरच्या खाचा भरून चाक गुळगुळीत होतं आणि जागच्या जागी फिरत बसतं. बहुतेक व्हॅनना ताकद मागच्या दोन चाकांनाच, शिवाय पोट खाली, त्यामुळे चाक रुतलं की गाडी पोटावर बसते. क्रूझरही रुतते, पण निघते. रात्री पाऊस झाला असेल तर पहाटे ड्रायव्हरला मुरमाच्या वाटांवरच राहायला सांगा, आडवाटा दुपारी वाळल्यावर.

बसायची जागा: मागची रांग मागच्या चाकांच्या वर किंवा मागे येते, सगळे दणके तिथे. ज्येष्ठांना मधल्या रांगेत. क्रूझरची पायरी उंच असते, गुडघ्यांसाठी प्लास्टिकचं छोटं स्टूल गाडीत टाकायला सांगा. छत वर उचलतं, पण दर वेळी उठून उभं राहणं आईंना जमणार नाही, तेव्हा बसल्या जागी पूर्ण उघडणारी खिडकी आहे ना, हे गाडीचा फोटो मागवून बघा.

नियम, कारण त्यावरून वाद होतात: एका प्राण्याभोवती जास्तीत जास्त पाच गाड्या, २५ मीटर अंतर, मागे कोणी थांबलं असेल तर दहा मिनिटांत जागा सोडायची, वाट सोडून गवतात शिरायचं नाही, छतावर बसायचं नाही. ड्रायव्हर बक्षिसीच्या आशेने नियम मोडतो, आणि दंड झाला की पहाट रेंजरशी बोलण्यात जाते. "आम्हाला जवळ जायचं नाही" हे पहिल्याच दिवशी सांगितलं की तो सुटकेचा श्वास टाकतो.

ड्रायव्हर-गाइड निवडता येत असेल तर केनिया प्रोफेशनल सफारी गाइड्स असोसिएशनची पातळी विचारा: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. सिल्व्हर मिळाला तर गाडीच्या सीटकव्हरची चिंता सोडा.

लेन्सवाला

१००-४०० पुरेशी आहे, पण पहाटे ती अंधारी लेन्स आहे. ६.२५ ला ४०० वर एफ ५.६ धरून आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० लागेल, कचरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. शटर बसलेल्या जनावराला १/२५० सेकंद, चालत्याला १/८००, पळत्याला १/२०००. साडेसातपर्यंत आयएसओ ८०० वर येतं. नऊनंतर जमिनीची वाफ थरथरायला लागते, मग लांबचे फोटो कितीही भारी लेन्सने काढा, मऊच येतात. त्या वेळी फक्त जवळचं.

ट्रायपॉड घरी ठेवा, गाडीत तो उभाच राहत नाही. बीनबॅग (कॅमेरा टेकवायची पिशवी) रिकामी न्या आणि वाटेत नारोकच्या दुकानातून दोन-तीन किलो तांदूळ घेऊन भरा. परतताना तांदूळ देऊन टाका. बीनबॅग खिडकीच्या काठावर, आणि इंजिन बंद. डिझेल इंजिनाची धडधड बीनबॅगमधून सरळ लेन्समध्ये जाते. "सिमामा" म्हणजे थांब, आणि इंजिनासाठी किल्ली फिरवल्याची खूण करा, कळतं.

सूर्य उगवताना पूर्वेकडे तोंड करून काळी आकृती हवी असेल (हिंगणबेट, जिराफ, नूंची रांग) तर एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप कमी, म्हणजे फोटो मुद्दाम गडद. प्राण्याचे पाय गवतात बुडलेले असतील तर आकृती गाठोड्यासारखी दिसते, म्हणून टेकाडाच्या धारेवरचा प्राणी निवडा. बाकी वेळी सूर्य पाठीशी.

धुळीत लेन्स बदलू नका. पंचा किंवा उशीची खोळ कॅमेऱ्यावर टाकून ठेवा. चार्जिंगला तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश अडॅप्टर लागतो, आपली गोल पिन बसत नाही. बऱ्याच कँपांत वीज ठरावीक तासच, तेव्हा रात्री जेवायला जाताना चार्जिंगला लावून जा. ड्रोन नेऊ नका, विमानतळावरच अडकेल.

औषधाचा_डबा

ज्येष्ठांच्या बाबतीत पहाटेची सफारी बिघडते ती दोन गोळ्यांमुळे, हे कोणी लिहिलं नाही म्हणून.

एक, रक्तदाबाच्या औषधात लघवी वाढवणारी गोळी असेल आणि ती सवयीप्रमाणे उठल्या-उठल्या घेतली, तर पुढचे तीन तास दर अर्ध्या तासाला थांबावं लागेल. मैदानात स्वच्छतागृह नाही आणि उतरायला सुरक्षित जागा ड्रायव्हरला शोधावी लागते. सफारीच्या दिवसांत ती परत आल्यावर, अकराच्या सुमारास घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारा. बहुतेक वेळा चालतं, पण विचारा.

दोन, मधुमेहाची जी गोळी किंवा इन्शुलिन नाश्त्याबरोबर असतं ते नाश्त्याबरोबरच. पाचला घेऊन नऊला खाल्लं तर साखर खाली जाते, आणि थंडीत अंग थरथरतंय की साखर उतरलीय हे कळत नाही. पाचला दुधाचा चहा आणि दोन मारी, खिशात ग्लुकोज किंवा चिक्की, आणि गोळी डबा उघडल्यावर. हेही डॉक्टरांशी एकदा बोलून. इन्शुलिन हातातल्या पिशवीत. पहाटे त्याला काही होत नाही, अकराच्या उन्हात बंद गाडीत ठेवलं तर खराब होतं.

थांबण्याबद्दल: लघवीला लागल्यावर सांगू नका, लागेल असं वाटल्यावर सांगा. ड्रायव्हरला मोकळी, आखूड गवताची जागा गाठायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तो आधी गाडीभोवती फेरी मारून बघतो, मग एकेकाने, गाडीच्या मागच्या चाकाशी. नदीकाठी आणि झुडपाजवळ कधीच नाही. त्याला "टायर बघायचंय" म्हटलं तरी समजतं.

थंडी: मारा दीड हजार मीटरच्या वर. ऑगस्टच्या पहाटे १२-१३ अंश, पुण्यातल्या डिसेंबरासारखं. पण छत उघडं आणि गाडी चालती, त्यामुळे बोचते जास्त. थरांनी कपडे: आत सुती, वर स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट. कानटोपी आणि मोजे न्याच, आईंना शाल गुडघ्यांवर. गाडीत मसाई शुका (अंगावर घ्यायच्या चादरी) असतात, मागा. नऊला सगळं उतरतं, म्हणून एकच जाड जाकीट उपयोगाचं नाही. रंग खाकी, राखाडी, फिके हिरवे. गडद निळा आणि काळा नको, त्सेत्से माशी त्यांच्याकडे येते. लष्करी छापाचे कपडे तर अजिबात नकोत, केनियात पोलीस हटकतात.

पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान दहा दिवस, कारण केनियाहून भारतात परतताना दाखला मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवतात. एकदा घेतली की दाखला आयुष्यभर चालतो. केंद्रं मोजकीच आणि तारखा पटकन भरतात, आजच बघा. साठीच्या वर ही लस देताना डॉक्टर तब्येत तपासून ठरवतात, तेव्हा सासू-सासऱ्यांची कागदपत्रं घेऊन प्रत्यक्ष भेटा.

पायवाट_पुणे

खूपच कामाचं, सगळ्यांचे आभार. तिकिटाचं आणि त्या लघवीच्या गोळीचं डोक्यातच नव्हतं. क्रूझर नक्की केली.

एक राहिलं. नूंच्या कळपांचं नदी ओलांडणं (क्रॉसिंग) पाहायचंय. एजंट म्हणतो पहिल्या दिवशी पहाटे थेट मारा नदीवर जाऊ. बरोबर?

रानवाटाड्या

नको. क्रॉसिंग पहाटेची गोष्ट नाही. तेरा लाखांच्या आसपास नू आणि त्यांच्यासोबतचे झेब्रे हे फिरते कळप आहेत. रात्री ते विखरून चरतात, सकाळी हळूहळू नदीच्या दिशेला सरकतात, काठावर गोळा होत होत दहा-अकरा वाजतात. बहुतेक क्रॉसिंग दहा ते चारच्या मधली. सेकेनानीहून मुख्य घाट गाठायला दोन तास तरी लागतात, म्हणजे सहाला सुसाट निघून आठला रिकाम्या नदीकाठी बसणार, आणि वाटेतले सगळे सिंह अंधारात मागे टाकणार.

मधला दिवस नदीला द्या. नेहमीसारखं सहाला आत, आठपर्यंत वाटेवरच्या मैदानात रेंगाळत, मग डबा खाऊन नदीकडे. जेवणाचा डबाही सोबत.

निवांत_नैरोबी

इथे थोडा मतभेद. नदीच्या दिवशी ज्येष्ठांना सहाला काढू नये. बारा तास गाडीत बसवणं त्यांच्या पाठीला परवडत नाही. त्या एका दिवशी नाश्ता करून आठला निघावं. पहिली आणि तिसरी पहाट हातात आहेच.

रानवाटाड्या

हे मान्य. गुडघे पाहता तुमचंच बरोबर.

नदीवर गेल्यावर मात्र ड्रायव्हरला काठापासून लांब थांबायला सांगा. पुढचे नू पाण्यात उतरून रांग धरेपर्यंत गाड्यांनी मागेच राहायचं असतं. कोणी घाईने काठावर घुसला की पुढचे बिचकतात, मागचे वळतात आणि तीन तासांची वाट फुकट. रेडिओवर "क्रॉसिंग" ऐकून पळणाऱ्या गाडीपेक्षा एकाच घाटावर सावलीत बसलेली गाडी जास्त वेळा पाहते. तेच पहाटेचंही. दर दहा मिनिटांनी रेडिओमागे धावणारा ड्रायव्हर तुम्हाला इतरांनी आधीच शोधलेल्या सिंहांभोवतीची सहावी गाडी बनवतो. "पहिला तास रेडिओ नको" एवढंच म्हणा.

चित्त्याबाबत वेगळं सांगतो. तो दिवसाउजेडी शिकार करतो, कारण अंधारात सिंह आणि तरस त्याच्या तोंडचं काढून घेतात. त्यामुळे चित्त्यासाठी सात ते दहा. वारुळावर बसलेला दिसला आणि त्याची नजर टॉमी (थॉमसन गझेल) हरणांवर असेल तर गाडी त्याच्या आणि हरणांच्या मध्ये येऊ देऊ नका, मागे किंवा बाजूला, आणि इंजिन बंद. माऱ्यातल्याच चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त गाड्यांच्या भागात मादीच्या एका वेतामागे सरासरी ०.२ पिल्लं मोठी झाली, कमी गाड्यांच्या भागात २.३. पिल्लांची मादी असेल तर पाच मिनिटं पाहून निघावं, असं माझं मत. ड्रायव्हर नाराज होईल, होऊ दे.

औषधाचा_डबा

डब्याचं सांगून टाकते. कँपच्या डब्यात हमखास उकडलेलं अंडं, सॉसेज, ब्रेड, केळं, रसाचं खोकं. "व्हेज" म्हटलं तर अंडं राहतंच, "नो एग" वेगळं सांगावं लागतं. केनियात गुजराती वस्ती जुनी असल्याने शाकाहार समजावून सांगावा लागत नाही, फक्त आदल्या संध्याकाळी सांगावा लागतो. घरचं म्हणाल तर दशम्या आणि खाकरे टिकतात, तिळाची चटणी कोरडी न्या. मिठाई काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात, प्लास्टिकच्या कॅरीबॅगमध्ये नको: त्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, आणि अभयारण्यांत २०२० पासून एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत. स्टीलची बाटली प्रत्येकी एक.

डबा उघडाल ती जागा वानरांपासून लांब असू द्या. बबून दिसले की काचा वर. केळं दिसलं की ते थेट गाडीत येतात.

लेन्सवाला

बलूनचं कोणी विचारलं नाही, पण एजंट विकायला येईलच. माणशी साडेचारशे-पाचशे डॉलर, पहाटे पाचच्या आधी उचलतात, हवेत तासभर, मग खाली नाश्ता. उतरताना टोपलीत गुडघे वाकवून बसावं लागतं आणि कधी टोपली आडवी होऊन घसरते. सासूबाईंना नको. तुम्ही दोघं गेलात तर त्या सकाळची जमिनीवरची पहाट जाते, म्हणजे तिन्हीतली एक. एवढं करून वरून दिसतात ते नूंचे ठिपके. सिंहाचा चेहरा खालूनच.

पायवाट_पुणे

बलून रद्द. एजंटला तिकिटाचं विचारलं, तो म्हणतो "बघून सांगतो". लेखी मागितलंय. आत कँप मिळतोय का तेही बघायला लावलंय. उद्या लसीच्या तारखेसाठी फोन करते.